खुल्या मैदानावर ड्रमसेटला माइक कसे लावावे? (मिक्सरवर चारच चॅनल, म्हणजे माइकच्या जागा, शिल्लक आहेत)

पांढरं_सोनं

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले पोट्टे. गावात आमचा लहानसा वाद्यवृंद आहे. कीबोर्ड, गिटार, बेस, ढोलकी, दोन गायक, एक गायिका. आतापर्यंत तालासाठी ऑक्टापॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) होतं, दोन कॉर्ड मिक्सरला जोडल्या की काम झालं. यंदा यवतमाळवरून सेकंडहँड ड्रमसेट आणला आणि कोजागिरीच्या कार्यक्रमात तो पहिल्यांदा स्टेजवर चढणार आहे. २२ इंची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), १४ ची स्नेअर (खाली तारा असलेला चपटा ड्रम), १२ आणि १३ चे टॉम, १६ चा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा), हायहॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी), आणि दोन मोठ्या झांजा, एक क्रॅश, एक राइड.

मैदान जिल्हा परिषद शाळेचं, पूर्ण उघडं. शेवटची रांग स्टेजपासून चाळीसेक मीटरवर असते. स्टेज बिछायतवाल्याचा, लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकलेला. साउंडवाला तालुक्याचा, दोन्ही बाजूला दोन-दोन टॉप (वरचे स्पीकर) आणि दोन-दोन बेस (खर्जाचे स्पीकर). मिक्सर सोळा चॅनलचा, पण एक्सएलआरच्या (तीन पिनांच्या माइक कॉर्डच्या) जागा दहाच. तीन गायक, ढोलकीला दोन, बेस गिटारला एक, अशा सहा गेल्या. कीबोर्ड आणि गिटार लाइनमध्ये (साध्या जॅकच्या जागी) जातील. ड्रमसाठी उरल्या चार.

किकचा एक माइक मित्राकडून मिळते. दोन एसएम ५७ (वाद्यांचा माइक) आहेत, एसएम ५८ (गायकांचा) पाहिजे तेवढे, आणि एक बारीक कंडेन्सर (जास्त नाजूक ऐकणारा माइक).

साउंडवाला म्हणते, "ड्रमले माइक कायले पाह्यजे? तो तसाच कान फोडते." मला ते पटत नाही. चार माइक कुठे लावू? दुसरं, किकच्या पुढच्या हेडला (ताणलेल्या पडद्याला) भोक नाही. पाडावं का? ज्यांनी असे कार्यक्रम केले त्यांनी सविस्तर सांगा, घाई नाही, अजून तीन आठवडे आहेत.

तर्रीपोहा

तीन आठवडे रियाज घरीच होणार असेल तर कोजागिरीचं दूध पहिले शेजाऱ्याले पाजा.

मुळामुठा

किकला आत एक, बाहेर एक. स्नेअरला वर-खाली दोन. टॉमना तीन. हायहॅट एक, ओव्हरहेड (ड्रमच्या वरून ऐकणारे) दोन. दहा माइक आणि एक छोटा डिजिटल मिक्सर भाड्याने घ्या. यापेक्षा कमीत ड्रमसेटला न्याय मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

बिछायत_केंद्र

@मुळामुठा दादा, दहा माइक म्हणजे दहा स्टँड आणि दहा कॉर्ड. आमच्या १६ बाय १२ च्या स्टेजवर ढोलकीवाला, कीबोर्डवाला आणि तीन गायक बसवून झाल्यावर ड्रमर कुठं टाकू तेवढं सांगा. हाराच्या टेबलावर?

फेडर_वर

अमरावतीला साउंडचं काम करतो. खेड्यावरचे कार्यक्रम भरपूर केले, म्हणून थोडं लांब लिहितो.

साउंडवाल्याचं म्हणणं पहिल्या सतरंजीपुरतं खरं आहे. पुढे बसलेल्या लेकरांना झांजा आणि स्नेअर विनामाइकच जास्त होतात. पण उघड्या मैदानात आवाज परत फेकायला भिंतीच नसतात. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. ५ मीटरवरून ४० मीटरवर गेलात म्हणजे तीनदा दुप्पट, १८ डेसिबल गेले. त्यात गायक आणि कीबोर्ड स्पीकरमधून येऊन राहिले आणि ड्रम मोकळा वाजून राहिला, तर मागच्या माणसाला नुसती दूरवर काठी आपटल्यासारखी टकटक ऐकू येते. सगळ्यात आधी हरवते ती किक. नाचणाऱ्याचा पाय पडतो किकवर. म्हणून पहिला चॅनल किकचा, यात वादच नाही.

दुसरा स्नेअर. ५७ घ्या. रिमच्या वर दोन-तीन बोटं, रिमच्या जरासा आत, तोंड हेडच्या मधाकडे तिरपं. महत्त्वाचं म्हणजे माइकची पाठ हायहॅटकडे पाहिजे. ५७ हा कार्डिऑइड आहे, बरोबर मागून तो सगळ्यात कमी ऐकतो. हायहॅट त्या मागच्या बाजूला आला की स्नेअरच्या चॅनलमध्ये घुसणारी चीसचीस अर्ध्यावर येते. हे फुकटात होते, बटण फिरवायची गरज नाही.

तिसरा कंडेन्सर, ओव्हरहेड. ड्रमरच्या डोक्याच्या जरा पुढे, स्नेअरपासून साधारण एक मीटर वर, खाली तोंड करून. यात झांजा आणि वरचे दोन्ही टॉम येतात. चौथा फ्लोअर टॉमला, कारण तो खाली आणि बाजूला असते, ओव्हरहेडमध्ये त्याचं पोट येत नाही.

किक सोडून बाकी तिन्हीवर लो कट (खर्ज कापणारं बटण) दाबा. फ्लोअर टॉम बारीक वाटला तर त्याचा सोडा. किकमध्ये ६० ते ८० हर्ट्झला धमक, ३ ते ५ किलोहर्ट्झला टोक, म्हणजे ठोक्याची कडक टक. मिड स्वीपचं (मधल्या सुरांची जागा बदलणारं) बटण असेल तर ३०० ते ४०० च्या आसपास नेऊन कमी करा, खोक्यासारखा आवाज तिथे असतो.

गेन (माइक किती उचलेल ते) लावताना ड्रमरला सांगा की गाण्यात मारतो तसं मार. साउंड चेकला पोट्टे लाजत लाजत मारतात आणि पहिल्या गाण्याला जोर येतो, मग सगळे पीकचे लाल दिवे लागतात.

झाडीपट्टीकर

वडश्याचा आहो. नाटकाच्या सीझनमंधी म्युझिकसंगं रायतो. दिवाळी झाली का मंडई (जत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत), गावोगाव नाटक, रातभर. आमच्या इथं पात्रांसाठी माइक वरून लटकते आणि वाजवणारे स्टेजच्या पुढ्यात बसते. म्हणून एक गोष्ट पक्की शिकलो जी. उघडा माइक फक्त त्याच्यासमोरच्या माणसाचं ऐकत नाही.

@फेडर_वर भाऊ, तुमचं किक आणि स्नेअर मान्य. ओव्हरहेडशी मी सहमत नाही. लहान स्टेजवर तीन गायक ड्रमच्या पुढं तीन हातावर उभे असतात. त्यायचे तीन माइक म्हणजे तीन ओव्हरहेडच झाले. क्रॅश मारला का पहिले गायकाच्या माइकमधून बाहेर पडते. त्याच्यात अजून कंडेन्सर टांगला तर नुसत्या झांजाच झांजा. वरून कोजागिरीची रात्र, उघडं मैदान. हवा आली का कंडेन्सर फरफर करते, दहिवर पडलं का करकर.

माझ्या मते तिसरा माइक दोन टॉमच्या मधात, चौथा फ्लोअरला. झांजेला माइकच नाही.

मुळामुठा

गायकांच्या माइकमधून येणारी झांज म्हणजे घाण आवाज. तो ड्रमचा आवाज म्हणून कसा धरायचा?

झाडीपट्टीकर

घाण आहे म्हणूनच त्याच्यात अजून भर टाकू नका म्हणतो जी.

फेडर_वर

@झाडीपट्टीकर दादा, मुद्दा सोळा आणे खरा आहे, पण अर्धा. गायक माइक तोंडाला लावतो तेव्हा झांज दबते, तोच माइक हातात खाली धरला की झांज वर येते. म्हणजे झांजेचा आवाज गायकाच्या मनगटावर अवलंबून राहिला. वाद्यांचाच तुकडा आला आणि साउंडवाल्याने तिन्ही गायक म्यूट केले की मागे झांज एकदम गायब. म्हणून ओव्हरहेड लावून ठेवावा, फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) नावापुरता वर ठेवावा. लावलेला माइक बंद ठेवता येते, न लावलेला ऐनवेळी उघडता येत नाही.

खरा उपाय जागेचा आहे. ड्रम बरोबर मधोमध मागे ठेवायची सवय सोडा. एका कोपऱ्यात मागे, जरा तिरपा ठेवा. गायकांच्या माइकचं तोंड ड्रमकडे नको. ते तीन हाताचे पाच हात झाले तरी फरक कळते.

पूर्णाकाठची

अकोट तालुक्यातली आहे. ड्रम वाजवते, कॉलेजपासून. सगळे माइकवर तुटून पडलेत म्हणून वाजवणाऱ्याच्या बाजूने लिहिते, कारण मला हे फार जिव्हाळ्याचं आहे.

बेसूर ड्रमसमोर कितीही भारी माइक ठेवला तरी तो बेसूरच मोठा करतो. सेकंडहँड सेट आहे ना? आधी स्नेअरचं वरचं हेड बघा. मधात खड्डे पडले असतील, कोटिंग उडालं असेल तर नवीन घ्या. बाकी हेड चालतील.

ट्यूनिंग करताना सगळे बोल्ट सैल करून पहिले बोटांनी लावा, मग चावीने समोरासमोरच्या जोडीने अर्धा-अर्धा फेरा. एकाच बाजूने गोल गोल कसत गेलात तर हेड तिरपं बसतं. मग प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत काडीने हलकं टिपून बघा. सगळीकडे एकच सूर आला पाहिजे. टॉमला खालचं हेड वरच्यापेक्षा जरासं घट्ट ठेवलं की आवाज नीट सुटतो. किकचं मारायचं हेड सुरकुत्या जाईपर्यंतच कसायचं, त्यापुढे थोडंसं.

किकमध्ये उशी कोंबू नका, निम्मा आवाज तीच खाते. जुनी पातळ गोधडी घडी करून तळाला ठेवा, दोन्ही हेडना जेमतेम टेकेल एवढी. स्नेअर फार वाजत राहिली तर कडेला टेपचा लहान तुकडा, मधात फुगा ठेवून. टॉम वाजवला की स्नेअरच्या तारा सरसरत असतील तर त्या टॉमचा सूर किंचित वर-खाली करा, बहुतेक वेळा थांबते.

हे सगळं दुपारी करून ठेवलं तरी अंधार पडल्यावर एकदा हात फिरवा. प्लास्टिकच्या हेडला ढोलकीएवढा फरक पडत नाही. पण दिवसभर उन्हात तापलेला सेट गार हवेत थोडा बदलतोच.

पांढरं_सोनं

ताई, वरच्या हेडला खड्डे आहेत, बरोबर ओळखलं. नवीन आणतो. फुगा ठेवून टेप म्हणजे कसा?

पूर्णाकाठची

तीन-चार इंचाचा कापडी टेप घ्यायचा. दोन टोकं चिकटवायची, मधला भाग उभा राहील असा सोडायचा. काडी लागेल तिथे नको, रिमजवळ. एकाने भागलं नाही तर दुसरा. पूर्ण हेड टेपने मढवलेले लोक मी पाहिलेत, त्यात स्नेअर उरतच नाही.

तर्रीपोहा

आमच्या ड्रमरनं स्नेअरवर पाकीट ठेवलं होतं. आवाज मस्त आला. कार्यक्रम संपल्यावर पाकीट ज्यानं परत दिलं त्यानं समोसे आधीच मागवले होते.

वायरमन_भाऊ

आवाजाचं तुम्ही बोला, मी करंटचं बोलतो. हे कोणी विचारत नाही आणि जीव इथंच जातो.

शाळेतून लाइन घेणार ना? सिंगल फेज असेल. लाइट आणि साउंड एकाच बोर्डावर टाकू नका. डिमरवाले लाइट असतील तर त्यायचा गुणगुणाट साउंडमध्ये उतरते. आकडा टाकून घ्यायचं तर नावच काढू नका. जनरेटर असला तर त्याला स्वतंत्र अर्थिंग करा. सळई ओल्या जमिनीत ठोका आणि जॉइंट घासूनपुसून आवळा.

गिटारवाल्याने एका हाताने तार धरली आणि ओठ माइकला लागले की चिमटा बसते, हे खेड्यावर कितीदा तरी होते. लोक हसण्यावारी नेतात. कार्यक्रमाच्या आधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक माइकच्या जाळीला, एक गिटारच्या तारेला. आकडा दिसला तर तिथंच थांबा आणि अर्थिंग पाहा. अँम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन तोडून हम घालवणारे महाभाग आहेत. तसं कोणी केलं असेल तर तो प्लग बदलल्याशिवाय पोट्ट्याले स्टेजवर चढवू नका.

फेडर_वर

वायरमन भाऊंचं वाक्य न् वाक्य पाळा. त्यात माझं एक. कंडेन्सरला ४८ व्होल्टचं फँटम (मिक्सरमधून कॉर्डवाटे जाणारी वीज) लागते. लहान मिक्सरवर ते एकाच बटणाने सगळ्या माइक चॅनलला जाते. ५७-५८ ला नीट एक्सएलआर कॉर्ड असेल तर काही होत नाही. कुठं जोडाजोडीची, जॅक लावून एक्सएलआर केलेली कॉर्ड असेल तर ती आधी बाजूला काढा. बटण दाबताना सगळे फेडर खाली, नाही तर टॉपमधून असा ठोका निघते की म्हातारे माणसं उठून बसतात.

खंजिरी

मोझरीजवळचा आहे, भजनी मंडळात असतो. ड्रमचं मला फार समजत नाही, पण एक विचारायचं होतं. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजनं आमच्याकडे एका माइकवर होतात. गाणारा, खंजिरी, टाळ, सगळे त्याच माइकभोवती. ज्याचं जास्त पाहिजे तो पुढे सरकतो. मग ड्रमला चार का लागावे? एक माइक नीट ठेवून नाही होत?

झाडीपट्टीकर

होते ना जी. खंजिरीवाला स्वतः पुढं-मागं सरकते, ड्रमसेट सरकत नाही. पण विचार बरोबर आहे. एकच माइक असता तर मी तो किक आणि स्नेअरच्या मधात, ड्रमरच्या उजव्या गुडघ्याच्या वर ठेवला असता.

फेडर_वर

@खंजिरी काका, तुमचा प्रश्न मला फार आवडला. कमी माइकची पद्धत जगभर मानाची आहे. ग्लिन जॉन्स या इंग्रज रेकॉर्डिंग इंजिनियरच्या नावाने एक रीत ओळखली जाते. एक माइक ड्रमच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने आडवा, दोन्ही स्नेअरच्या मधापासून बरोबर सारख्या अंतरावर, आणि किकला एक. गरज वाटली तर स्नेअरला चौथा. अंतर सारखं ठेवायचं कारण असं, आवाज एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद घेतो. दोन माइकपर्यंत स्नेअर वेगवेगळ्या वेळी पोचली की मिक्सरमध्ये दोन्ही एकमेकांना खातात आणि स्नेअर पोकळ होते.

ती रीत स्टुडिओत आणि बंदिस्त हॉलमध्ये उत्तम. मैदानात, मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर) आणि टॉपच्या गदारोळात दूरचे माइक लवकर शिटी मारतात, म्हणून इथे जवळचे माइक पुढे आणि दूरचा मागे.

सोयाबीन_सुडी

जरा विषय निघालाच आहे तर. आमच्या साउंडवाल्याकडे भरपूर चॅनल आहेत, म्हणून आम्ही स्नेअरला वरून आणि खालून दोन माइक लावतो. दोन्ही उघडले की आवाज वाढायचा सोडून पातळ होतो. माइक खराब आहे का?

फेडर_वर

माइक चांगला आहे. काडी पडते तेव्हा वरचं हेड वरच्या माइकपासून दूर जाते आणि त्याच क्षणी खालचं हेड खालच्या माइककडे येते. एक ओढते, एक ढकलते. खालच्या चॅनलवर शून्यावर तिरपी रेघ असलेलं बटण असेल ते दाबा, पोट परत येईल. बटण नसेल तर एका कॉर्डच्या एका टोकाला २ आणि ३ नंबरची पिन अदलाबदल करा, आणि त्या कॉर्डला लाल टेप गुंडाळून ठेवा म्हणजे ती भलतीकडे जाणार नाही.

बिछायत_केंद्र

स्टेजवाल्याचंही ऐका. घोड्यांवरच्या फळ्या पोकळ असतात. किकचा पाय पडला का अख्खा स्टेज घुमते आणि ते घुमणं प्रत्येक स्टँडमधून माइकमध्ये चढते. आम्ही ड्रमच्या जागेखाली दोन घोडे जास्तीचे लावून देतो, मधात रेतीची पोती. सांगितलं तर कोणीही बिछायतवाला करून देईल, फक्त आदल्या दिवशी सांगा. सतरंजी गुळगुळीत असली का किक पुढं सरकत जाते. एक दोरी किकच्या पायाला बांधून ड्रमरच्या स्टुलाला बांधा. माणूस बसला का दोरी ताणून राहते.

पूर्णाकाठची

दोरीचं एकदम खरं. आणि स्टँडच्या पायाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. तीच ट्यूब बोटभर रुंद गोल कापून ठेवली की कॉर्ड स्टँडला बांधायला कामी येते. कॉर्ड लोंबकळत राहिली तर ड्रमरची कोपरं त्यातच अडकतात.

पांढरं_सोनं

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचं वाचून ठरवलं ते सांगतो. ड्रम डाव्या मागच्या कोपऱ्यात. किक, स्नेअर, फ्लोअर पक्के. चौथ्याचं साउंड चेकला कंडेन्सर आणि टॉममधला ५८, दोन्ही लावून पाहू. कार्यक्रम ७ ला सुरू करतो. पण किकच्या भोकाचं कोणीच सांगितलं नाही.

फेडर_वर

पाडा. मधात नको, खालच्या बाजूला तिरपं, घड्याळात ४ किंवा ८ वाजतात तिथे. चार ते पाच इंच. त्याहून मोठं केलं तर पुढचं हेड असून नसल्यासारखं. माइक भोकातून आत घाला, तोंड बीटर (पायाने चालणारा हातोडा) पडतो त्या जागेकडे. जवळ नेला की टोक वाढते, भोकाकडे ओढला की घुमारा वाढते. तुमच्या किकला काय शोभते ते तिथेच दोन-चार बोटं सरकवून ठरवा. नेमका भोकाच्या तोंडाशी ठेवू नका, तिथून हवेचा झोत येतो आणि फसफस होते.

पूर्णाकाठची

कात्रीने कापू नका! कडेला बारीक चीर राहिली की वाजवताना ती वाढत जाते. हेड काढून सपाट लाकडी पाटावर पसरा. चार-पाच इंच व्यासाचा पत्र्याचा रिकामा डबा घ्या, काठ सरळ असलेला. गॅसवर उलटा धरून काठ चांगला तापवा, सांडशीने. मग एका दमात हेडवर दाबायचा आणि किंचित फिरवायचा. प्लास्टिक वितळून गोल तुकडा सुटतो आणि काठाला आपोआप जाडसर गोट बसते, ती चीर जाऊ देत नाही. धूर होतो, अंगणात करा. आधी जुन्या हेडवर एक करून बघा.

तर्रीपोहा

आईच्या डालड्याच्या डब्याले हात लावण्याआधी परवानगी काढून ठेवजो.

खंजिरी

परवानगीवरून आठवलं. पोलीस ठाण्याचं पत्र काढलं का? ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातून १५ पर्यंत दिवस शासन रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. कोणते दिवस ते जिल्ह्यातून जाहीर होते. कोजागिरी त्यात आहे का ते विचारून घ्या.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. दिवसा आवाज वर उडून जातो. रात्री जमीन गार पडली की खालची हवा थंड आणि वरची उबदार राहते, आवाज खाली वाकतो आणि दूर जातो. शेजारच्या गावचं भजन रात्री स्पष्ट ऐकू येते ते त्यामुळेच. दुपारी लावलेला आवाज रात्री तेवढाच ठेवला तरी पलीकडच्या वस्तीला जास्त होतो. कोणाच्या घरी आजारी माणूस, लहान लेकरू असते.

पांढरं_सोनं

काका, पत्र काढलं आहे. आम्ही साडेनऊलाच शेवटचं गाणं घेणार, नंतर दूध.

मुळामुठा

ड्रमरचा मॉनिटर कुठे ठेवणार? त्यावर कोणीच बोललं नाही.

फेडर_वर

चांगली आठवण केली. एकच मॉनिटर, ड्रमरच्या हायहॅटच्या बाजूला, स्नेअर आणि ओव्हरहेडच्या माइकच्या पाठीकडून. त्यात बेस गिटार, कीबोर्ड आणि मुख्य गायक एवढंच द्या. किक जराशी. ड्रमचे बाकीचे माइक मॉनिटरमध्ये देऊ नका, तो स्वतःचे ड्रम ऐकतोच. गायकांचे ५८ कार्डिऑइड आहेत, त्यांचा मॉनिटर माइकच्या बरोबर मागे. कोणाकडे सुपरकार्डिऑइड (समोरचं जरा अरुंद ऐकणारा माइक) असेल तर बरोबर मागे नको, जरा कडेला. त्याचा बहिरा भाग १२६ अंशाच्या आसपास असतो.

पांढरं_सोनं

मंडळी, कार्यक्रम झाला. शब्द दिल्याप्रमाणे सविस्तर लिहितो.

डब्याची युक्ती जमली, भोक गोल आणि काठ जाड. गोधडी आजीची घेतली. स्नेअरला नवीन हेड आणि टेपचा एक फुगा. बिछायतवाल्याने जास्तीचे घोडे लावून दिले, पोती आम्ही भरली. वायरमन भाऊ, मल्टिमीटर लावला तर गिटारच्या तारेत आणि माइकमध्ये चाळीसच्या वर व्होल्ट दिसले. शाळेच्या बोर्डाला अर्थच जोडलेली नव्हती. सळई ठोकून घेतली, आकडा शून्याशी आला. हे वाचलं नसतं तर आमच्या गिटारवाल्याचं काय झालं असतं, विचार करवत नाही. तुमचे आभार कसे मानू ते समजत नाही.

चेकला दोन्ही प्रकार लावले. गायक गात असताना कंडेन्सरची खरंच गरज नव्हती, झाडीपट्टीकर दादांचं बरोबर. टॉमच्या मधातल्या ५८ ने रोलमध्ये वजन आलं. पण वाद्यांच्या तुकड्यात गायक म्यूट केले आणि मागून भावाने हात हलवला, झांज नाही म्हणून. मग ढोलकीचा एक माइक काढून तिथे कंडेन्सर जोडला. आमचा ढोलकीवाला बसूनच वाजवते, त्याला दोन्ही बाजूंच्या मधात एक माइक पुरला. म्हणजे शेवटी ड्रमला पाच झाले. कंडेन्सरला स्पंज, आणि कार्यक्रम सुरू होईपर्यंत वरून प्लास्टिकची पिशवी. दहिवर होतं, करकर आली नाही.

साउंडवाला पहिल्या गाण्याला किकचा फेडर खाली ठेवून बसला होता. मी त्याला चालत शेवटच्या रांगेपर्यंत नेलं. तिथे उभं राहून ऐकल्यावर तो स्वतःच पळत गेला आणि फेडर वर केला. आता म्हणते, पुढच्या कार्यक्रमाले किकचा माइक मीच घेऊन ठेवतो.

झाडीपट्टीकर

मस्त वाटलं जी वाचून. ढोलकीचा माइक काढायचं मलाही सुचलं नसतं.

पूर्णाकाठची

फ्लोअर टॉमबद्दल काहीच लिहिलं नाही. कसा वाजला?

पांढरं_सोनं

घुमत होता, ताई. गाण्यात बेस गिटारची खर्जाची तार वाजली की तो आपोआप गुणगुणायचा आणि ५७ ते उचलायचा. मिक्सरवर गेट (बारीक आवाज आपोआप बंद करणारी सोय) नाही. सूर अर्ध्या फेऱ्याने वर घेतला तेव्हा कमी झालं, पूर्ण गेलं नाही.

फेडर_वर

खालचं हेडही तपासा, बहुतेक ते सैल राहिलं. आणि तो फक्त दोन-तीन गाण्यांत लागत असेल तर बाकी वेळ त्याचा फेडर खाली ठेवायला एका पोट्ट्याला मिक्सरशेजारी बसवा. गाणी पाठ असलेला माणूस गेटपेक्षा चांगलं काम करतो.

सोयाबीन_सुडी

आमचा कार्यक्रम दत्तजयंतीला आहे, याच धाग्यावर विचारतो. आमचं मंदिर पत्र्याच्या सभामंडपात आहे, तिन्ही बाजूंनी भिंत. हेच सगळं तिथे चालेल का?

फेडर_वर

पत्र्याखाली गणित उलटं होते. झांज आणि स्नेअर पत्र्यावरून दुप्पट होऊन परत येतात. ओव्हरहेड लावूच नका, टॉमलाही नको. फक्त किकचा माइक, आणि ड्रमच्या मागे व वर जाड चादरी टांगा. मंडप किती फूट लांब आहे ते सांगा, मग स्पीकरचं बोलू.